नितळ पाण्याच्या शोधात: मालवण किनाऱ्यावर स्नॉर्केलिंग

आमच्या चिकपेटमधून जवळातला जवळ समुद्र गाठायचा म्हटले तरी तीनशेहून जास्त किलोमीटर जावे लागते. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर आहे. आमच्या गल्लीत रेशमाच्या दुकानांची दाटी आहे. कन्नडमध्ये ‘चिक्क पेटे’ म्हणजे लहान पेठ, पण दिवाळीत तिथे पाय ठेवायला जागा नसते. त्यामुळे समुद्र म्हणजे एकच एक मोठे निळे पाणी, कुठूनही उतरा, सारखेच, अशी आमच्याकडे समजूत असते. हिवाळ्याच्या सुट्टीत आम्ही गाडीने मालवणला जाऊन आलो. तेव्हापासून हाउसमधली मुले मला एकच प्रश्न विचारतात: “गर्दी नसलेला एखादा बीच सांग ना, जिथे स्नॉर्केलिंग करता येईल.”

त्याचे एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण शांत किनारा, नितळ पाणी आणि सुरक्षित पाणी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. नकाशावर निर्मनुष्य दिसणारा किनारा बहुतेक वेळा पहिली अट पूर्ण करतो आणि दुसऱ्या दोन करत नाही. तिन्ही एकत्र कुठे आणि केव्हा मिळतील हे मात्र बऱ्यापैकी ओळखता येते. ते कसे, हे या लेखात सांगतो.

स्नॉर्केलिंग म्हणजे पाण्यावर पालथे तरंगत, तोंडात नळी आणि डोळ्यांवर काच लावून खालचे जग पाहणे. आपण वरच असतो. म्हणून जे पाहायचे ते दोन-तीन मीटर खोलीवर असले पाहिजे, आणि तिथपर्यंत नजर पोचण्याइतके पाणी स्वच्छ असले पाहिजे.

पाणी गढूळ का होते याचे उत्तर आम्हाला वाटेतच मिळाले. तुमकूर, चित्रदुर्ग, दावणगिरी, हुबळी, धारवाड असे करत महामार्गाने बेळगाव सुमारे 500 किलोमीटर आहे. तिथून आंबोली घाट उतरला की सावंतवाडी, कुडाळ आणि मालवण. आंबोलीला वर्षाला सरासरी 7000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. बंगळूरला हजाराच्या आतबाहेर. आता हे पहा की घाटमाथ्यापासून समुद्र सरळ रेषेत 50 किलोमीटरही नाही. म्हणजे पश्चिमेकडे वाहणारे पाणी तीव्र उताराने, थोड्या अंतरात, लाल माती घेऊन थेट समुद्रात शिरते. जून ते सप्टेंबर कोकणच्या समुद्रात हीच माती असते आणि लाटा ती खाली बसू देत नाहीत. पाऊस थांबल्यावर, लाटांचा जोर ओसरल्यावर ती हळूहळू बसते. म्हणून नोव्हेंबरपासून पाणी निवळू लागते आणि साधारण फेब्रुवारी-मार्चपर्यंत ते पाहण्यासारखे असते. जून ते ऑगस्ट या महिन्यांत तर पाण्यातले खेळ बंदच असतात आणि ते योग्यच आहे.

दुसरे कारण भरती-ओहोटीच्या फरकाचे. मुंबईला उधाणाच्या वेळी पाणी चार-पाच मीटर चढते आणि उतरते. खंभातच्या आखातात हा फरक आणखी मोठा आहे. मालवण-गोव्याकडे तो अडीच मीटरच्या आतबाहेर राहतो. जितके जास्त पाणी सहा तासांत आत-बाहेर करणार, तितका तळ जास्त ढवळणार. मुंबईच्या किनाऱ्यावर आपला हात पाण्यात दिसत नाही आणि मालवणला पायाखालचा खडक दिसतो, त्यात या गोष्टीचा मोठा वाटा आहे.

पण नुसते स्वच्छ पाणी असून भागत नाही. भोगवे किंवा तळाशीलचा किनारा पाहिला तर डोळ्यांचे पारणे फिटते. लांबच लांब वाळू आणि माडांची रांग. पण तिथे मास्क लावून पाण्यात पाहिले तर खालीही वाळूच दिसणार. वाळू हलत राहते, तिला धरून कोणी राहू शकत नाही. शेवाळ, प्रवाळ, शिंपले आणि त्यांच्यावर जगणारे मासे यांना हलणार नाही असा आधार लागतो, म्हणजे खडक. म्हणून स्नॉर्केलिंगची जागा नेहमी किनाऱ्याच्या मधोमध नसते. ती टोकाला, जिथे डोंगराची सोंड पाण्यात उतरते तिथे, किंवा समुद्रातल्या एखाद्या बेटाच्या आडोशाला असते.

सिंधुदुर्ग किल्ला हे याचे उत्तम उदाहरण. शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये कुरटे बेटावर तो बांधायला घेतला आणि 1667 मध्ये तो पुरा झाला. किल्ल्याभोवती पाण्याखाली खडकांचे जाळे आहे. वाट माहीत नसलेले जहाज तिकडे आले तर फुटायचे. शत्रूला दूर ठेवणारे तेच खडक आज प्रवाळांचे घर आहेत. 1987 मध्ये सुमारे 29 चौरस किलोमीटरचा हा समुद्र मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. (शहाजीराजांना 1638 नंतर बंगळूरची जहागिरी मिळाली होती. वडिलांच्या जहागिरीतून निघून मुलाच्या जलदुर्गापाशी पोचायला आम्हाला गाडीने दीड दिवस लागला. त्या काळी किती लागत असेल, याचा हिशेब आजी पूर्ण प्रवासभर करत होती.)

आता शोध कसा घ्यायचा? मॅप रीडिंगच्या तासाला आपण जे शिकतो ते इथे चांगले उपयोगी पडते. उपग्रहाचे चित्र उघडा. किनाऱ्यालगत पाण्यात गडद, वेड्यावाकड्या कडांचे डाग दिसतील. ते खडक. जिथे खाडी किंवा नदी समुद्राला मिळते तिथून दुधट तपकिरी पंखा पसरलेला दिसेल. तो गाळ. त्यापासून दूर राहायचे, फक्त गढूळपणामुळे नाही तर ओढीमुळे. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथला संगम बघायला फार सुंदर आहे, पण ओहोटीच्या वेळी खाडीतले सगळे पाणी त्या अरुंद तोंडातून बाहेर धावते. मग पांढऱ्या रेघा पहा. त्या फुटणाऱ्या लाटा. हिवाळ्यात वारा आणि लाटा बहुतेक वायव्येकडून येतात. म्हणून ज्या सोंडेच्या दक्षिण अंगाला पाणी सपाट दिसते, तो आडोसा. गडद डाग असावेत, दुधट पंखा नसावा, पांढऱ्या रेघा नसाव्यात. एवढे पाहून निवतीपासून आचऱ्यापर्यंतचा किनारा चाळला तर हाती मोजक्याच जागा उरतात. त्यांतल्या कोणत्या जागी उतरायचे ते स्थानिक माणसाला विचारायचे. नकाशा जागा सुचवतो, परवानगी देत नाही.

जागेनंतर वेळ. मला या सगळ्यात सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. कोकणातले लोक पंचांगावरून भरतीची वेळ काढतात. तिथीला पाऊणने गुणायचे, येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा. सकाळी सहाला भरती, दुपारी बाराला ओहोटी, संध्याकाळी पुन्हा सुमारे सहाला भरती. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा, तेव्हा सव्वाअकरा. कारण साधे आहे: चंद्र रोज आकाशात थोडा मागे पडतो, म्हणून भरतीही रोज पाऊण तासाच्या थोडी वर उशिरा येते. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो. नक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहावी. पण बंगळूरला घरी बसून भिंतीवरच्या कालनिर्णयावरून मालवणच्या समुद्राची वेळ सांगता येते, हे मला अजूनही भारी वाटते.

तिथीवरून आणखी एक गोष्ट कळते. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र होते. ती उधाणाची भरती. अष्टमीच्या आसपास ते काटकोनात असतात, तेव्हा पाणी कमी चढते आणि कमी उतरते. त्याला भांगाची भरती म्हणतात. भांगाच्या दिवसांत प्रवाह मंद, तळ कमी ढवळलेला, म्हणून पाणी जास्त नितळ. त्याचा परिणाम एक-दोन दिवस मागाहून दिसतो. म्हणजे नवमी-दशमी धरावी. दशमीला भरती साडेसातच्या सुमारास. भरतीच्या माथ्यावर पाणी काही वेळ थबकते, बाहेरचे स्वच्छ पाणी आत आलेले असते आणि खडकांवर पुरेशी खोली असते. पोट खडकाला घासत नाही, खडकालाही आपले पाय लागत नाहीत.

सकाळच का, तर वाऱ्यामुळे. रात्री जमीन लवकर गार होते आणि जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. त्याने किनाऱ्याजवळचे पाणी सपाट राहते. दुपारी जमीन तापली की उलट, समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि पाण्यावर खळबळ उठते. अकरानंतर आलेल्या पर्यटकांना ‘आज पाणी खराब आहे’ असे वाटते. सकाळी तेच पाणी आरशासारखे होते.

आम्ही दशमीलाच उतरलो. होडीवाल्या काकांनी होडी थांबवली, पण लगेच उतरू दिले नाही. पाच मिनिटे नुसते पाण्याकडे पाहत राहिले. “आधी पाणी बघूक होया, मगे उतरूक,” एवढेच म्हणाले. माझे बाबा गिऱ्हाइकाला नेहमी सांगतात की रेशीम दुकानाच्या दिव्याखाली बघू नका, बाहेर उजेडात न्या, उलटे करून बघा. त्यांना काकांचे म्हणणे लगेच पटले. मग लाइफ जॅकेट घालून आम्ही पाण्यात गेलो. खाली मेंदूसारख्या वळ्यांचे गोल प्रवाळ होते आणि त्यांच्यावर काळ्या पट्ट्यांचे लहान मासे थव्याने फिरत होते. त्या माशाचे इंग्रजी नाव ऐकून आपल्या शाळेत सगळे हसतील: सार्जंट मेजर. अंगावरचे पाच पट्टे पाहून ते नाव पडले आहे. शिस्त मात्र काही दिसली नाही, खडकाजवळ कोणी दुसरा आला की लगेच त्याच्या अंगावर धावून जातात. म्हणजे नाव बरोबरच असावे.

आता साधनांविषयी, कारण त्यात थोडे भौतिकशास्त्र आहे. पाण्यात डोळे उघडले की सगळे धूसर दिसते. आपल्या डोळ्यात प्रकाश वळवण्याचे बरेचसे काम बाहेरचा पारदर्शक पडदा करतो, आणि ते होते हवेतून डोळ्यात येताना. पाण्याचा अपवर्तनांक 1.33, डोळ्याचाही जवळपास तेवढाच. म्हणून प्रकाश पुरेसा वळत नाही. मास्क डोळ्यांपुढे हवेचा कप्पा ठेवतो आणि नजर परत येते. पण किंमत मोजावी लागते: सपाट काचेतून वस्तू एक तृतीयांशाने मोठ्या आणि पाऊण अंतरावर असल्यासारख्या दिसतात. चार मीटरवरचा तळ तीन मीटरवर वाटतो. पोहायचा चष्मा इथे चालत नाही, कारण मास्कमध्ये नाकही आत असावे लागते. खाली बुडी मारताना नाकातून थोडी हवा सोडून मास्कमधला दाब सारखा करता येतो. काचेवर बाष्प धरू नये म्हणून आतून थुंकी चोळून खारे पाणी फिरवतात. आईला हे अजिबात आवडले नाही, पण उपाय लागू पडतो.

नळी लांब का नसते, हा प्रश्न मला वर्गमित्राने विचारला. दोन मीटरची नळी लावून तळाशी बसून राहिले तर? नाही जमत. एक मीटर खोलीवर शरीराच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर 100 ग्रॅम जास्त भार पडतो. छातीचा पुढचा भाग 30 बाय 30 सेंटिमीटर धरला तर 900 चौरस सेंटिमीटर, म्हणजे 90 किलो. नळीतली हवा मात्र वरच्या दाबाची. एवढे वजन उचलून छाती फुगवायची आणि श्वास घ्यायचा, हे बॉक्सिंगच्या टीमलाही जमणार नाही. शिवाय लांब नळीत आपलाच सोडलेला श्वास अडकून परत आत येतो. म्हणून नळी 40 सेंटिमीटरच्या आसपासच असते.

यापुढचे मी मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण ते आपल्या वयाच्या मुलांसाठी आहे. पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो अशा पैजा आपल्यात लागतात. त्याआधी जोरजोरात, भाता चालवल्यासारखे श्वास घेतले की जास्त वेळ टिकता येते, असेही कोणीतरी शिकवते. खरोखरच टिकता येते, आणि धोका तिथेच आहे. श्वास घ्यावासा वाटतो तो ऑक्सिजन कमी झाल्यामुळे नाही, तर मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. भराभर श्वास घेतल्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र बाहेर फेकला जातो. म्हणजे आपण धोक्याची घंटाच काढून टाकलेली असते. गुदमरल्यासारखे न वाटताच मेंदूला ऑक्सिजन कमी पडतो आणि माणूस बेशुद्ध होतो. वर येताना दाब कमी होतो, त्यामुळे शेवटच्या मीटर-दोन मीटरमध्ये हे जास्त घडते. उत्तम पोहणारेही यात गेले आहेत. आवाज होत नाही, हातपाय मारले जात नाहीत, वरून पाहणाऱ्याला वाटते तो पैज जिंकतो आहे. म्हणून पैज नको, आधी भराभर श्वास नको, आणि एक जण खाली गेला तर दुसऱ्याने वर राहून फक्त त्याच्याकडेच पाहायचे. जोडी म्हणजे दोघांनी एकाच वेळी खाली जाणे नव्हे.

शांत किनाऱ्याची दुसरी बाजू म्हणजे तिथे वाचवणारे कोणी नसते. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. 2024 च्या डिसेंबरमध्ये मुरुडेश्वरला कोलार जिल्ह्यातून शाळेच्या सहलीला आलेल्या 4 मुली गेल्या. कोलार म्हणजे आमच्या बंगळूरच्या शेजारचा जिल्हा, समुद्रापासून तितकाच दूर. हे दोन्ही गजबजलेले किनारे आहेत. निर्मनुष्य किनाऱ्यावर हाक मारली तर ऐकणार कोण?

लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी परत जायला वाट शोधते आणि एखाद्या खोलगट पट्ट्यातून वेगाने समुद्राकडे वाहते. गंमत अशी की त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात. म्हणून समुद्र न पाहिलेल्या माणसाला तीच जागा उतरायला सोपी वाटते. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये गडद, गुळगुळीत पाणी दिसले की तिथे उतरायचे नाही. सापडलोच तर किनाऱ्याकडे सरळ पोहून दमायचे नाही. किनाऱ्याला समांतर पोहायचे, पट्टा फार रुंद नसतो. तेही जमत नसेल तर तरंगत राहून हात वर करायचा. ओढ माणसाला बाहेर नेते, खाली नेत नाही. माणूस बुडतो तो दमल्यामुळे.

किनारा निर्मनुष्य दिसला तरी तो कोणाचा तरी असतो. मालवण भागात अजून रापण ओढतात. लांबलचक जाळे होडीतून समुद्रात सोडून गावातले लोक दोन्ही टोके किनाऱ्यावरून ओढून घेतात. रापण चालू असताना त्या पाण्यात उतरणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतातून धावणे. अभयारण्याला इथल्या मच्छीमारांनी विरोध केला होता, तो याच कारणाने: त्यांचे पोट त्या पाण्यावर आहे. वायंगणी, तांबळडेग अशा वाळूच्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, तिथे रात्री दिवे आणि वाळूवर गाडी नको. प्रवाळ हा तर जिवंत प्राणी आहे. गोल प्रवाळ वर्षाला साधारण एखादा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे फुटबॉलएवढा गोळा आपल्या जन्माच्या आधीचा असू शकतो. त्यावर उभे राहून फोटो काढणारे लोक आम्ही पाहिले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळांना वाघाइतकेच संरक्षण दिले आहे. आठवण म्हणून तुकडा घरी आणणे हा गुन्हा आहे.

आपल्या शाळेच्या दृष्टीने एक खास बातमी. नौदलाचे आयएनएस गुलदार हे जहाज 2024 च्या जानेवारीत निवृत्त झाले. सैनिक आणि रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरवणारे, सुमारे 83 मीटर लांबीचे हे जहाज निवतीजवळच्या समुद्रात बुडवून पाण्याखालचे संग्रहालय करण्याची योजना महाराष्ट्राच्या पर्यटन महामंडळाने हाती घेतली. बुडालेल्या पोलादावर कालांतराने शेवाळ आणि प्रवाळ धरतात, मग मासे येतात. माणसे ते पाहायला गेली तर खऱ्या प्रवाळांवरचा भार कमी होतो. अर्थात ती जागा पाणबुड्यांची, नळीवाल्यांची नाही. त्यासाठी तारकर्लीला स्कूबाचे प्रशिक्षण देणारी संस्था आहे, बारावीनंतर माझा विचार पक्का आहे.

जाणाऱ्या पालकांसाठी शेवटी थोडे सामानाचे. मास्क दुकानातच तपासता येतो: पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवून नाकाने हलका श्वास ओढायचा, हात सोडल्यावर मास्क चिकटून राहिला तर तो आपल्या मापाचा. लाइफ जॅकेट छातीवर आवळल्यावर खांद्यावरून वर ओढून पाहावे, हनुवटीपर्यंत सरकत असेल तर दुसरे मागावे. अंगात पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालावा, पाठ पाण्यात असतानाही भाजते आणि ते रात्री कळते. परत आल्यावर मास्क गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवावा. गाडीच्या काचेमागे उन्हात ठेवला तर बेळगाव येईपर्यंत त्याची रबरी कड वाकडी होते.